विधिमंडळ विश्लेषक कार्यालय, कॅलिफोर्निया

राज्याचा अर्थसंकल्प व सरकारी खात्यांचा खर्च यांची विधिमंडळाच्या वतीने पक्षनिरपेक्ष छाननी करणारे कार्यालय. स्थापना १९४१, ठिकाण सॅक्रामेंटो. अमेरिकेच्या घटकराज्यांत अशा प्रकारचे हे पहिलेच. ते गव्हर्नरच्या अखत्यारीत येत नाही. दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची संयुक्त अर्थसंकल्प समिती त्याचा प्रमुख नेमते आणि कामावर देखरेख ठेवते.

अर्थसंकल्प तयार करणारे वित्त खाते गव्हर्नरच्या हाताखाली होते. त्यातले आकडे पारखून घ्यायचे तर आमदारांना त्याच खात्याकडे जावे लागे. यातून वाट काढण्यासाठी विधिमंडळाने १९४१ मध्ये विधेयक मंजूर केले. गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांनी ते नाकारले. मग विधिमंडळाने गव्हर्नरच्या सहीची गरजच नसलेला मार्ग धरला आणि सभागृहांच्या संयुक्त नियमान्वये कार्यालय उभे केले. कायद्याचा आधार त्याला १९५१ मध्ये मिळाला. पैसे मागणाराच हिशेब समजावून सांगणार आणि मंजुरी देणाऱ्याने तो ऐकून घ्यायचा, एवढ्यावर लोकांच्या पैशाची राखण होत नाही, ही जाणीव या संस्थेच्या मुळाशी आहे.

पहिले प्रमुख रोलंड व्हँडग्रिफ्ट. त्यांच्यानंतर आलेले ॲलन पोस्ट १९७७ पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ पदावर होते. अर्ल वॉरन, पॅट ब्राउन, रोनाल्ड रेगन अशा दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांचे अर्थसंकल्प त्यांनी सारख्याच कठोरपणे तपासले. कार्यालयाची पत खऱ्या अर्थाने त्यांच्या काळात बसली. २०१९ मध्ये रुजू झालेले गेब्रिएल पेटेक हे केवळ सहावे प्रमुख. सरकारे बदलली तरी विश्लेषक टिकतो, हे या पदाचे मोठे बळ आहे. अमेरिकी काँग्रेसने १९७४ च्या कायद्याने स्वतःचे अर्थसंकल्प कार्यालय निर्माण केले, तेव्हा तिच्यापुढे कॅलिफोर्नियाचाच नमुना होता.

कामाचे चक्र नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होते. गव्हर्नरचा अर्थसंकल्प येण्याआधीच कार्यालय महसुलाचा व खर्चाचा स्वतंत्र अंदाज प्रसिद्ध करते. १० जानेवारीपर्यंत गव्हर्नरचा प्रस्ताव येतो, मेच्या मध्यापर्यंत त्याची सुधारित आवृत्ती, आणि १५ जूनपर्यंत विधिमंडळाने अर्थसंकल्प मंजूर करायचा असतो. मधल्या महिन्यांत तुरुंग, शाळा, महामार्ग, आरोग्य असे विषय वाटून घेतलेले विश्लेषक खात्यांच्या मागण्या एकेक करून तपासतात. नवी पदे कशासाठी हवीत? गेल्या वर्षीचा निधी खर्ची पडला का? हेच काम कमी पैशांत होईल का? मग मंजूर करा, बदल करा किंवा नाकारा, अशी कारणांसह शिफारस उपसमित्यांपुढे जाते. ती बंधनकारक नसते. मात्र ती उघड, लेखी असते.

या कामाचे मोल २०२३-२४ मध्ये विशेष दिसले. हिवाळ्यातील वादळांमुळे २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक करदात्यांना एप्रिलऐवजी नोव्हेंबरपर्यंत कर भरण्याची मुभा मिळाली होती. परिणामी जूनमधला अर्थसंकल्प प्रत्यक्ष वसुली न कळताच मंजूर झाला. वसुली हाती आली तेव्हा २०२२-२३ चा महसूल अपेक्षेपेक्षा सुमारे २६ अब्ज डॉलरने कमी भरला. डिसेंबरमध्ये कार्यालयाने ६८ अब्ज डॉलरच्या तुटीचा इशारा दिला. महिन्याभरातच गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी तूट ३८ अब्ज असल्याचे सांगितले. तीस अब्जांची ही तफावत निव्वळ आशा-निराशेची नव्हती. सरकारचा महसुलाचा अंदाज अधिक उदार होता हे खरे. पण मोठा भाग व्याख्येचा होता. शाळांच्या खर्चातली काही कपात सरकारने तूट भरून काढण्याचा उपाय म्हणून मोजलीच नव्हती, ती आपोआप होणारी घट धरली होती. विश्लेषकांनी आपल्या पद्धतीने मांडणी केली, तेव्हा सरकारचीच तूट ५८ अब्ज निघाली. फेब्रुवारीत त्यांनी स्वतःचा अंदाज ७३ अब्जांवर नेला. तुटीचा आकडा कोठून मोजायला सुरुवात केली यावर ठरतो; आरंभबिंदू कोणता धरला आहे हे आमदारांना दाखवून देणारे कोणी नसते, तर चर्चा ३८ वरच थांबली असती.

महाराष्ट्र विधिमंडळाच्या हाताशी असे कार्यालय नाही. येथे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहात मांडला जातो आणि लोकलेखा समिती त्यावर खात्यांच्या सचिवांची साक्ष घेते. हे काम मोलाचे आहे, पण ते पैसा खर्च झाल्यानंतरचे आहे. मागणी मतास टाकण्यापूर्वी आमदाराला मिळणारा आधार मुख्यतः वित्त विभागाच्याच प्रकाशनांचा असतो.

कॅलिफोर्नियात छाननी आमदारांपाशीच थांबत नाही. सार्वमताला येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाचा राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या तिजोरीवर काय परिणाम होईल, याचे सोप्या भाषेतील विश्लेषण हे कार्यालय लिहिते आणि ते मतदार पुस्तिकेतून घरोघर जाते.

सार्वमतानेच कार्यालयावर सर्वांत मोठे संकटही आणले. १९९० मध्ये मंजूर झालेल्या १४० क्रमांकाच्या प्रस्तावाने आमदारांच्या कार्यकाळावर मर्यादा घातली, तशीच विधिमंडळाच्या स्वतःच्या खर्चावरही. रोष आमदारांवर होता, पण कात्री विश्लेषकांवरही चालली आणि कर्मचारीवर्ग जवळपास निम्म्यावर आला. सरकारी खर्चाला आळा घालू पाहणाऱ्या मतदारांनी खर्चावर नजर ठेवणारी माणसेच कमी केली, हे या इतिहासातील दुःखद पान आहे. कार्यालयाला या मर्यादेबाहेर काढून राज्यघटनेत स्थान देणारा १५८ क्रमांकाचा प्रस्ताव नोव्हेंबर १९९२ मध्ये मतदानाला आला. तो फेटाळला गेला, आणि कार्यालयाचा खर्च विधिमंडळाला आपल्या मर्यादित रकमेतूनच भागवावा लागतो.