मुक्तिबोध बंधू आणि भाषेची प्राध्यापकी

इंदूर शहराने लागोपाठच्या दोन वर्षांत दोन भाषांची संमेलने पाहिली. १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि १९१८ साली हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान महात्मा गांधींनी भूषविले. दक्षिणेत हिंदी शिकविण्याचा संकल्प या दुसऱ्या संमेलनात सुटला. त्याच वर्षी गांधीजींचे चिरंजीव देवदास वयाच्या अठराव्या वर्षी मद्रासेत हिंदीचे वर्ग घेऊ लागले. भाषा शिकविणे हे देशकार्य ठरले. तिच्यावर संसार चालविणे ही गोष्ट मात्र निराळी होती.

त्याच १९१७ सालच्या नोव्हेंबरात ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म झाला. घराणे मराठी, वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. धाकटे बंधू शरच्चंद्र १९२१ साली इंदुरासच जन्मले. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, ही माळव्यातील मराठी कुटुंबांची नित्याची स्थिती होती. गजाननरावांनी काव्यासाठी हिंदी पत्करली, शरच्चंद्रांनी मराठी.

इंदूरचे होळकर महाविद्यालय १८९१ सालचे. पुढे ते केवळ विज्ञानाचे झाले. तेथून गजाननराव १९३८ साली बी. ए. झाले. शहरात विद्यापीठ नव्हते, परीक्षा आग्रा विद्यापीठाची. बी. ए.च्या बळावर शाळेतील मास्तरकी मिळे; महाविद्यालयाचे दार एम. ए. वाचून उघडत नसे. मग बडनगर, शुजालपूर, उज्जैन अशा गावांच्या शाळा झाल्या. नागपुरात सरकारी प्रसिद्धी खाते, आकाशवाणी आणि एक साप्ताहिकही झाले. ‘तार सप्तक’ या १९४३ सालच्या संग्रहाने कवी म्हणून नाव केले, पण नावाने पगार वाढत नाही. चाळिशी जवळ येता येता त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा बी. ए. होऊन वीस वर्षे लोटली होती.

शरच्चंद्रांनी नागपुरात मराठीचे अध्यापन केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले आणि राजनांदगाव मध्य प्रदेशात राहिले. अशा रीतीने एका घरातील दोन भाषाशिक्षक दोन राज्यांत विभागले गेले. शरच्चंद्रांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली होती. कर्मभूमी विदर्भ असली, तरी कादंबरीला नाव लाभले ते माळव्यातील नदीचे.

राजनांदगावी गजाननरावांना थोडे स्थैर्य लाभले. तेही निर्वेध नव्हते. त्यांनी लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. प्राध्यापकी सहा वर्षे टिकली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. स्वतंत्र असा पहिला काव्यसंग्रह त्यानंतर निघाला.

इंदूर विद्यापीठ स्थापन झाले तेही १९६४ सालीच. १९८८ साली त्याला देवी अहिल्येचे नाव देण्यात आले.