विकत घेतलेल्या गतीचा धनी

माणिकगडाच्या डोंगराळ मुलखांतील जिवतीहून आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्यानें परवां विचारलें, "सर, यंत्र आपण विकत घेतलं, मग त्याची गति ठरविण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे कसा?" प्रश्न इतिहासाच्या तासास शोभणाराच होता.

१९९८ सालीं इंटेलनें 'सेलेरॉन ३०० ए' हा स्वस्त प्रोसेसर काढला. मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास सुमारें ६ कोटी ६० लाख. त्यास साडेचारानें गुणून गति ३००. गुणकास कंपनीनें कुलूप घातलें होतें. परंतु मदरबोर्डावर मूळ ठोकाच १०० केला कीं तोच प्रोसेसर बहुधा ४५० वर बिनतक्रार चाले. महाग मालाचें काम स्वस्त मालानें करावें, हें व्यापाऱ्यास कसें रुचावें? २०११ च्या सँडी ब्रिज पिढींत ही वाट जवळजवळ बंद झाली, आणि मोकळा गुणक जादा किंमतीस मिळूं लागला.

२०१५ च्या डिसेंबरांत कांहीं मदरबोर्ड-कारखानदारांनीं स्कायलेक पिढीच्या कुलूपबंद प्रोसेसरांसाठीं ती पुन्हां उघडली. २०१६ च्या फेब्रुवारींत इंटेलच्या नव्या मायक्रोकोडनें, म्हणजे प्रोसेसराच्या अंतर्गत आज्ञावलीनें, ती बुजविली. माल ग्राहकाच्या घरीं आणि कुलूप दूरवरून! जुना बायोस न बदलणारे तेवढे सुटले.

तथापि सर्वच बंधनें एका मापानें मोजूं नयेत. २०१६ चें बंधन, माझ्या मतें, किंमत राखण्यासाठीं होतें. २०२४ च्या ऑगस्टमधील मात्र माल राखण्यासाठीं. तेराव्या-चौदाव्या पिढीचे कांहीं डेस्कटॉप प्रोसेसर अति विद्युद्दाबानें बिघडत, म्हणून मायक्रोकोडनें तो १.५५ व्होल्टवर रोखला. आधींच बिघडलेल्यांस त्यानें गुण आला नाहीं. त्यांच्यासाठीं हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढवावी लागली.