हाजीअली, पोलिओ आणि एक आई

मंडळी, हाजीअलीचं लहान मुलांचं इस्पितळ माहितीये ना? त्याच्या मुळाशी एक आई आहे : फातिमा इस्माईल. लेकीला पोलिओ झाला, इलाजासाठी बाई वणवण फिरल्या आणि १९४७ साली मुंबईत सगळ्यांच्याच पोरांसाठी क्लिनिक काढलं.

पोलिओत स्नायू लुळा पडतो, वाढतं हाड आखूड-वाकडं होतं. मग सर्जन धडधाकट स्नायूचा कंडरा सोडवून दुसरीकडे जोडतात. आपल्या भाषेत री-राउटिंग!

पण ऑपरेशन एका दिवसाचं. व्यायाम आणि पाय वाढेल तसा नवा कॅलिपर, हे वर्षानुवर्षांचं. शहापूरला निदान आसनगाव स्टेशन जवळ. मुरबाडकरांनी पोर कडेवर घेऊन आधी एसटीने कल्याण गाठायचं, मग लोकल.

नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. पण तेव्हाची पोरं आता मोठी झालीत. कॅलिपर अजून झिजतात, फेऱ्या सुटलेल्या नाहीत.