चोरलेल्या टोपीची कुळकथा

२०२५च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे झाडांखाली मरून पडू लागले. पन्नासच्या आसपास मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला आणि शहराभोवतीचा दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र झाला. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या किवळ्याच्या कोंबड्यांतही बर्ड फ्लू आढळला.

हा इन्फ्लुएन्झा विषाणू पेशीत शिरून आपल्या नकला काढतो तरी कसा? त्या शोधाची सुरुवात एका न जुळणाऱ्या निरीक्षणापासून झाली. इन्फ्लुएन्झाचा सारा जनुकीय मजकूर आरएनएच्या आठ तुकड्यांत असतो, जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांचा. डीएनएशी त्याचा संबंध नाही. पेशीला डीएनएवरून आरएनए बनवू न देणारं अॅक्टिनोमायसिन-डी दिलं, तरी पोलिओसारखे आरएनए विषाणू वाढत राहतात. इन्फ्लुएन्झा मात्र थांबतो. १९६०च्या दशकात हे दिसलं, आणि पुढची बरीच वर्षं त्याचं कारण कुणाला सांगता आलं नाही. ज्या विषाणूला डीएनए नाही, त्याचं पेशीच्या डीएनएवाचून काय अडतं?

उत्तराची वाट १९७५च्या सुमारास उघडली, तीही दुसऱ्याच विषाणूंमुळे. जपानमध्ये रेशीमकिड्याच्या विषाणूवर काम केलेले यासुहिरो फुरुइची आणि अमेरिकेतल्या रोश संस्थेतले आरन शॅट्किन यांच्या कामातून कळलं, की संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. टोपी पाहूनच पेशी त्या संदेशावरून प्रथिन बनवायला घेते. अमिय बॅनर्जीही त्याच संस्थेत, आणखी एका विषाणूत हीच टोपी तपासत होते.

इन्फ्लुएन्झाच्या संदेशांवरही टोपी सापडली, पण ती बनवायची सोय विषाणूकडे नव्हती. १९७८ साली न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत रॉबर्ट क्रुग, मिशेल बुलॉय आणि स्टीफन प्लॉच यांनी परीक्षानळीतल्या विषाणूला सशाच्या हिमोग्लोबिनचा संदेशवाहक आरएनए दिला, आणि विषाणूचं मंदावलेलं आरएनए-लेखन जोरात सुरू झालं. पुढच्या वर्षी त्यांनी सशाच्या आरएनएच्या टोपीवर किरणोत्सारी खूण केली. ती खूण विषाणूच्या संदेशांवर उमटलेली मिळाली. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो. चोरीचा मालच पकडला गेला होता. विषाणू पेशीच्या संदेशाचं टोपीसकट दहा-तेरा अक्षरांचं टोक कापतो आणि तिथून पुढे आपला मजकूर लिहितो. पेशीने डीएनएवरून संदेश बनवणंच थांबवलं, तर चोरायला टोप्या कुठून येणार? कोडं सुटलं.

कापणारी कात्री कुठे आहे, हे कळायला २००९ उजाडलं. विषाणूचं आरएनए लिहिणारं यंत्र, म्हणजे पॉलिमरेज, तीन प्रथिनांचं असतं: पीबी-२ टोपी पकडतं, पीए कापतं, पीबी-१ पुढचं लिहितं. पीएची कात्री निकामी करणारं बॅलॉक्साविर हे औषध २०१८मध्ये जपानात मंजूर झालं.

संदेश लिहिणं हे अर्धंच काम. नव्या विषाणूत भरायला मूळ मजकुराची अथपासून इतिपर्यंत प्रत लागते, आणि ती काढताना चोरलेली टोपी चालत नाही. आधी उलटी प्रत, तिच्यावरून पुन्हा सुलटी. या कामात यजमान पेशीचं एएनपी३२ए नावाचं प्रथिन हाताशी लागतं. २०१६मध्ये लंडनच्या वेंडी बार्कले यांच्या गटाने दाखवलं, की पक्ष्यांच्या या प्रथिनात ३३ अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो, माणसाच्या प्रथिनात नसतो. कोंबडीच्या पेशीत भराभर नकला काढणारं पॉलिमरेज माणसाच्या पेशीत अडखळतं, ते त्यामुळे. पण पीबी-२मधलं ६२७ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल, ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन झालं, की ही अडचण बरीचशी दूर होते. या विषाणूकडे प्रती तपासून चुका दुरुस्त करण्याची सोय नाही, म्हणून असे बदल होतच राहतात. उदगीरच्या थोडं आधी, डिसेंबर २०२४मध्ये, नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने मेले. सस्तन प्राण्यात हा विषाणू सापडला, की शास्त्रज्ञ त्याच्या पीबी-२मधली ६२७वी जागा आवर्जून पाहतात.