छोटूराम, सर चौधरी

(२४ नोव्हेंबर १८८१ – ९ जानेवारी १९४५). अविभाजित पंजाबातील शेतकरी नेते, कायदेपटू व मंत्री. युनियनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. शेतकऱ्यांचे कर्ज, गहाण जमिनी आणि धान्यबाजार यांविषयी १९३० ते १९४० च्या सुमारास पंजाबात झालेल्या कायद्यांमागील प्रमुख शक्ती म्हणून ते ओळखले जातात. हरियाणात त्यांना ‘दीनबंधू’ म्हणतात. पश्चिम पंजाबातील मुसलमान शेतकरी त्यांना ‘रहबर-ए-आझम’ म्हणत.

जन्म रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला या गावी, एका अल्पभूधारक जाट कुटुंबात. मूळ नाव राम रिछपाल. भावंडांत धाकटे म्हणून ‘छोटू’ आणि शाळेच्या पटावर छोटूराम. वडील सुखीराम कर्जात बुडालेले होते. मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी पैसे मागायला ते त्याला घेऊन सांपल्याच्या सावकाराकडे गेले, तेव्हा सावकाराने आधी त्यांच्यापुढे पंख्याची दोरी टाकून वारा घालायला सांगितले, ही हकीकत हरियाणात आजही घरोघर सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, सावकाराच्या ओसरीवर शेतकऱ्याची काय पत होती ते तिच्यातून नेमके कळते.

सांपला, झज्जर आणि दिल्लीचे मिशन हायस्कूल असे करीत ते सेंट स्टीफन्स कॉलेजात पोहोचले व १९०५ मध्ये पदवीधर झाले. कलकत्त्याचे व्यापारी सेठ छाजूराम यांनी त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. काही काळ त्यांनी कालाकांकरचे राजे रामपालसिंह यांच्याकडे नोकरी केली. १९११ मध्ये आग्र्याहून ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढच्या वर्षी रोहतकला वकिली करू लागले. रोहतकच्या जाट हायस्कूलच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. १९१६ मध्ये त्यांनी जाट गॅझेट हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. ‘बेचारा जमींदार’ ही त्यांची गाजलेली लेखमाला त्यातच आली. पंजाबात जमीनदार म्हणजे स्वतःची जमीन कसणारा, बहुधा दोनचार एकरांचा शेतकरी. हे ध्यानात घेतले नाही, तर त्यांचे सारे राजकारण उलटे दिसते.

पहिल्या महायुद्धात त्यांनी रोहतक जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काम केले. त्याच काळात ते जिल्हा काँग्रेस समितीचे अध्यक्ष होते. १९२० मध्ये असहकाराच्या प्रश्नावर मात्र ते काँग्रेसमधून बाहेर पडले. शेतसारा न भरण्यापर्यंत चळवळ गेली, तर जप्ती शेतकऱ्याच्याच जमिनीवर येईल, हा त्यांचा आक्षेप होता. १९२३ मध्ये प्रांतिक विधिमंडळावर निवडून आल्यावर त्यांनी फजल-ए-हुसैन यांच्यासोबत युनियनिस्ट पक्ष उभा केला. मुसलमान, हिंदू व शीख शेतकऱ्यांना आर्थिक हितसंबंधांवर एकत्र बांधणारा हा पक्ष होता आणि धर्माच्या नावाने मते मागण्याच्या त्या काळात त्याने दोन दशके पंजाबात सत्ता टिकवली. १९२४ ते १९२६ छोटूराम कृषिमंत्री होते. १९३६ मध्ये ते विधिमंडळाचे अध्यक्ष झाले व १९३७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

त्यांच्या कायद्यांची पार्श्वभूमी १९०० च्या पंजाब जमीन हस्तांतरण कायद्यात आहे. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि त्यातून १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला. पंजाब हा तर लष्करभरतीचा प्रांत. तिथे असे काही घडू नये या भीतीने सरकारने ‘शेतकरी जमातीं’ची यादी केली आणि त्यांची जमीन इतरांनी विकत घेण्यावर बंदी घातली. जमीन वाचली, कर्ज मात्र वाढत गेले. ब्रिटिश सनदी अधिकारी माल्कम डार्लिंग यांनी पंजाबातील शेतकऱ्यांचे कर्ज १९२१ च्या सुमारास ९० कोटी रुपये असल्याचा अंदाज केला होता. १९३० च्या बँकिंग चौकशी समितीने तो १३५ कोटींवर नेला. त्यातच जागतिक मंदीने गव्हाचे भाव कोसळले.

छोटूरामांचे वकिलीतील निरीक्षण असे होते, की शेतकरी कोर्टात हरतो तो कागदावर. वही सावकाराची, लिपीही त्याची, त्यात काय लिहिले आहे ते अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नाही आणि न्यायाधीशापुढे पुरावा तेवढाच. सावकारांच्या नोंदणीचे विधेयक १९२६ मध्येच विधिमंडळात मंजूर झाले होते, पण गव्हर्नर माल्कम हेली यांनी त्याला संमती नाकारली. मग १९३० चा हिशेब नियमन कायदा आला. प्रत्येक ऋणकोचे खाते वेगळे ठेवायचे, मुद्दल व व्याज निरनिराळे दाखवायचे आणि दर सहा महिन्यांनी त्याला वाचता येईल असा उतारा द्यायचा, एवढेच त्यात होते. हे न करणाऱ्या सावकाराचे व्याज किंवा दाव्याचा खर्च कोर्ट नामंजूर करू शकत असे. वरवर किरकोळ वाटणारा हा कायदा पुढच्या सगळ्यांचा पाया आहे.

१९३४ च्या कर्जनिवारण कायद्याने तडजोड मंडळे नेमली, व्याजदरांना मर्यादा घातली आणि मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंना पूर्वीपासून लागू असलेला दामदुपटीचा नियम पंजाबातील कर्जांना लावला. मुद्दलाच्या दुप्पट रक्कम फिटली की कर्ज संपले. ऐपत असूनही फेड नाकारणारा वगळता इतर ऋणकोंची अटकेतून सुटका झाली. १९३६ च्या कायद्याने ऋणकोच्या संरक्षणाची व्याप्ती आणखी वाढवली.

१९३७ च्या निवडणुकीत १७५ जणांच्या विधानसभेत युनियनिस्टांना बहुमत मिळाले. मुस्लिम लीगला फक्त दोन जागा होत्या. सिकंदर हयात खान मुख्यमंत्री व छोटूराम विकासमंत्री झाले. पुढच्या दोन वर्षांतील कायद्यांना शेतकरी ‘सुनहरी’ (सोनेरी) म्हणू लागले आणि शहरी व्यापारी वर्ग ‘काळे’. सावकारी नोंदणी कायद्याने (१९३८) परवाना नसलेल्या सावकाराला वसुलीच्या दाव्यासाठी कोर्टाचे दार बंद केले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने बेनामी व्यवहार रद्दबातल ठरवले. सावकार आपल्या विश्वासातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर जमीन घेई आणि १९०० च्या कायद्याला बगल देई. ती वाट आता बंद झाली. शेतकरी जमातीतल्या सावकारांवरही बंधने आली, याची दखल टीकाकारांनी फारशी घेतली नाही.

या सर्वांत मला सर्वांत न्याय्य वाटतो तो गहाण जमिनी परत देण्याचा कायदा (१९३८). १९०० चा जमीन हस्तांतरण कायदा अमलात आला ८ जून १९०१ रोजी. त्यापूर्वीच्या गहाणांना मुदतीची मर्यादा नव्हती. सदतीस वर्षे वा त्याहून अधिक काळ सावकार त्या जमिनीचे पीक घेत होता आणि मुद्दल मात्र जसेच्या तसे उभे होते. ज्याने पिकातून मुद्दलाच्या दुप्पट मिळवले आहे त्याने जमीन मोकळी करावी. तेवढे मिळाले नसेल, तर मूळ मालकाने उरलेली भरपाई द्यावी, असे या कायद्याने ठरवले. त्यासाठी दिवाणी दाव्यात पडायचे नव्हते, जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा होता. पिढ्यानपिढ्या परक्याच्या ताब्यात असलेली शेते यामुळे मूळ घरांकडे परतली.

शेती उत्पन्न बाजार कायदा १९३९ चा. बाजारनियमनाची कल्पना वऱ्हाडच्या कापूस बाजारांना १८९७ पासून परिचित होती आणि १९२८ च्या शाही शेती आयोगाने तिची शिफारस केली होती. पंजाबच्या मंडीत तोलाई, हमाली, धर्मादाय, गोशाळा अशा नावांनी शेतकऱ्याच्या पैशातून कापाकापी चाले. नव्या कायद्याने अडत्यांना परवाने सक्तीचे केले, मान्य नसलेल्या कपाती बंद केल्या आणि बाजार समितीत दोनतृतीयांश जागा उत्पादकांना दिल्या.

१९४१ मध्ये ते महसूलमंत्री झाले. भाक्रा धरणासाठी बिलासपूर संस्थानाशी झालेल्या वाटाघाटी त्यांच्याच कारकिर्दीतल्या. १९४३ मध्ये गव्हाच्या भावावर केंद्राने मर्यादा घालण्यास त्यांनी कडाडून विरोध केला. पंजाबच्या शेतकऱ्याला प्रथमच चांगला भाव मिळत होता, हे खरे. पण त्याच वर्षी बंगालमध्ये लोक उपासमारीने मरत होते, आणि त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. १९०० च्या कायद्यातील जातवार यादी त्यांनी मोडली नाही, उलट तिच्याच आधाराने बांधणी केली. शेतात राबणारे पण यादीत नसलेले दलित शेतमजूर जमीन विकत घेऊ शकत नव्हते, आणि त्यांच्यासाठी या ‘सुनहरी’ कायद्यांत फारसे काही नव्हते.

१९४४ मध्ये जिना यांनी पंजाब मंत्रिमंडळाने मुस्लिम लीगचे नाव घ्यावे असा आग्रह धरला. मुख्यमंत्री खिज्र हयात तिवाना यांनी तो नाकारला आणि छोटूराम त्यांच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले. पंजाबचा मुसलमान शेतकरी आधी शेतकरी आहे, ही त्यांची श्रद्धा होती. पुढच्याच जानेवारीत लाहोर येथे त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार रोहतकला झाले. १९४६ च्या निवडणुकीत युनियनिस्ट पक्षाची धूळधाण उडाली आणि मार्च १९४७ मध्ये तिवानांनी राजीनामा दिला.

मुरथल येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाला व यमुनानगरच्या औष्णिक वीजकेंद्राला त्यांचे नाव आहे. गढी सांपला येथे २०१८ मध्ये अनावरण झालेला त्यांचा ६४ फुटी पुतळा धुळे जिल्ह्यात जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी घडवला. त्यांच्या बाजार कायद्याची जागा १९६१ च्या पंजाब शेती उत्पन्न बाजार कायद्याने घेतली. पंजाब व हरियाणातील मंड्या आजही त्याच चौकटीत चालतात, आणि २०२० मध्ये दिल्लीच्या सीमांवर बसलेल्या शेतकऱ्यांचा एक मुख्य आग्रह ही मंडीव्यवस्था टिकवण्याचा होता.