भाड्याचं लुगडं

लुगडं भाड्याचं आहे. विरारच्या दुकानातून आणलेलं, हिरवं, शिवून तयार केलेलं. नेसावं लागत नाही, पाय घातले की झालं. सोबत प्लास्टिकची वेणी, हलकीशी टोपली आणि टोपलीत दोन कापडी मासे. डिसेंबरातली रात्र आहे. दातिवऱ्याच्या बाजूला किनाऱ्यालगतच्या एका रिसॉर्टवर तुमच्या सोसायटीची सहल आली आहे, आणि आज ‘कोळी नाइट’ आहे.

माइकवाला सांगतो, आता बायकांनी मासळी बाजारातल्यासारखं भांडून दाखवायचं. जिचा आवाज मोठा, तिला बक्षीस. तिसऱ्या मजल्यावरचे काका लाल टोपी घालून हातात बाटली घेतात आणि नाखवा म्हणून झोकांड्या खातात. मग मुलं येतात, तोंडाला काजळ, कमरेला आंब्याचे डहाळे. हे ‘आदिवासी नृत्य’. ती तोंडावर हात आपटत ज्या आरोळ्या ठोकतात, त्यांना कुठल्याच भाषेत अर्थ नाही.

तुम्ही कमरेवर हात ठेवून ओरडता. सगळे टाळ्या वाजवतात. बक्षिसाचा स्टीलचा डबा तुम्हालाच मिळतो.

जरा वाऱ्याला म्हणून तुम्ही वाळूत उतरता. ओहोटी लागली आहे. वैतरणा इथेच समुद्राला मिळते. मुखाच्या पलीकडे अर्नाळ्याचे दिवे दिसतात. तुम्ही घोटाभर पाण्यात जाता, आणि ते दिवे एकेक करून विझतात.

मागे वळून पाहता तर रिसॉर्ट नाही. एक तंबू आहे, आत प्रोजेक्टरची घरघर. साल 1974. ‘बॉबी’ आदल्या वर्षी मुंबईत लागला, आता इथवर पोहोचला आहे. पडद्यावर प्रेमनाथ, गोव्याचा मच्छीमार जॅक ब्रॅगँझा, मोठ्यांदा बोलणारा, बाटलीतला. तंबू हसतो. तुमच्या शेजारी बसलेला खलाशीही हसतो, मग तुमच्याकडे वळून अगदी साधं विचारतो, “हा जाळं कधी मारतो?”

तुम्हाला कळत नाही म्हणून तो समजावतो. डोल जाळं खुंटांना बांधलेलं असतं, प्रवाहाच्या तोंडावर. पाण्याच्या जोरावर ते फुगतं आणि मासळी आत शिरते. भरती-ओहोटीचा प्रवाह दिवसाकाठी चार वेळा उलटतो. तो मंदावला की जाळं उचलायचं. वेळ चुकली तर मासळी जाते. ती वेळ रोज पुढे सरकते, कधी भर दुपारी, कधी रात्री दोनला. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण वेगळं, अष्टमीची भांग वेगळी. हे सगळं डोक्यात असलेला माणूस तुमच्या शेजारी बसला आहे, पडद्यावर त्याची बाटली तेवढी आहे. दारू पिणारे त्याच्याही गावात आहेत, जसे तुमच्या सोसायटीत आहेत. पण तुमच्या सोसायटीच्या नावानं कुणी झोकांड्या खात नाही.

तंबूबाहेर पाऊल टाकता आणि पायाखाली वाळूऐवजी गवत लागतं. किनारा मागे राहिला आहे, हा आतला तलासरीकडचा मुलूख. 10 ऑक्टोबर 1945, तलवाड्याचं मैदान. हजारो वारली आदिवासी जमले आहेत. मे महिन्यात झरीच्या परिषदेत त्यांनी ठरवलं की आता वेठबिगारी करायची नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराघरी राबणारे ‘लग्नगडी’ त्या उन्हाळ्यात मोकळे झाले. त्यासाठी कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर गावोगाव फिरल्या होत्या. तुम्ही त्या गर्दीत कमरेचे डहाळे शोधता. एकाच्याही अंगावर नाहीत. पोलिसांच्या गोळ्या सुटतात. त्यांच्यातला जेठ्या गांगड पडतो. त्या दिवशी पाच जण जातात. अजूनही कुणी तोंडावर हात आपटत नाही. लोक एकमेकांना हाक मारतात, त्यांच्या भाषेत, नावांनी.

मला वाटतं, ती काजळ लावलेली मुलं इथे आणायला हवीत. त्यांचा काहीच दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही की वारल्यांचं वाद्य, तारपा, फुंकणाऱ्याला आधी श्वास कमवावा लागतो, आणि त्याच्याभोवती गोल धरणाऱ्यांची पावलं तो वाजवील तशी बदलतात.

पुन्हा समुद्राचा वास येतो. 1892. दातिवऱ्याच्या वाळूत बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले आहेत, तोंडात तोंड अडकवून. एक म्हातारी तुमच्याकडे रोखून पाहते. लुगड्याची किनार चिमटीत धरते, मागची शिवण पाहते.

“हे कुठचं नेसणं गं, बाय? कुणाची तू?”

कोळ्यांचं, असं तुम्ही म्हणता. ती विचारते, कुठच्या? या किनाऱ्यावर मांगेला आहेत, वैती आहेत, खाली मुंबईकडे सोनकोळी आहेत. बोली वेगळी, सोयरीक वेगळी. तुमचं लुगडं यातल्या कुणाचंच नाही. तुमच्याकडे उत्तर नसतं. तेवढ्यात होड्या बंदराला लागतात आणि म्हातारी ओरडते. तो आवाज ऐकून तुमच्या अंगावर काटा येतो. लाटांच्या, वाऱ्याच्या वरून होडीतल्या माणसाला मासळी किती आणि कसली ते विचारायचं, भाव पुकारायचा, शेजारणीला भरती चढत असल्याचं सांगायचं, ते सगळं या आवाजात. हळू बोलून समुद्राकाठी धंदा होत नाही. या आवाजाची नक्कल करून तुम्ही स्टीलचा डबा जिंकला आहे.

सरकारनं मात्र हे लोक आधीच कागदावर उतरवले आहेत. जेम्स कॅम्पबेलनं संपादित केलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर दहा वर्षांपूर्वी, 1882 मध्ये निघालं. त्यात एकेका जातीची घरं, कपडे, अन्न, आणि त्याच रांगेत स्वभावही: कोण स्वच्छ, कोण आळशी, कोण दारूचा शौकीन. तेच सरकार 1878 च्या अबकारी कायद्यानं ताडामाडावर कर वाढवतं आणि दारूवर महसूल कमावतं. याच 1892 साली मोहाचा कायदा येतो. ठाणे आणि कुलाब्यातल्या माणसाला आपल्याच रानातलं मोहाचं फूल वेचायला बंधन. मोह तिथे दारूपुरता नव्हता, तंगीच्या दिवसांत पोटात जाणारं अन्नही होतं. घरची ताडी महाग करायची, ठेक्याची दारू पाजायची आणि शेवटी पिणाऱ्याचा स्वभाव नोंदवून ठेवायचा. या हिशेबाची मला आजही चीड येते. मुलुखाला दारुडा ठरवणारी शाई त्या दारूच्याच पैशातून आली होती.

समुद्र तुम्हाला आणखी लांब ढकलतो. थंडी, दगडी रस्ता, न्यूयॉर्क, मार्च 1867. संत पॅट्रिकच्या दिवसाचा सण. आयरिश लोकांची मिरवणूक निघाली आहे, वाटेत पोलिसांशी चकमक होते. तीनच आठवड्यांत ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकात व्यंगचित्रकार थॉमस नास्टचं चित्र छापून येतं. त्यात आयरिश माणसांचे जबडे माकडासारखे आहेत. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात यांचे सुमारे दहा लाख लोक मेले आणि निदान तितकेच देश सोडून गेले. त्यांतले कितीतरी याच शहरात आले. आज त्याच दिवशी तिथे हिरव्या टोप्या, लाल दाढ्या आणि आयरिश म्हणजे पिणाराच असं छापलेले शर्ट विकायला असतात. 1836 साली याच शहरात स्थापन झालेली आयरिश वंशाच्या लोकांची संस्था, एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स, त्या मालाला विरोध करत असते. आपल्या सणाच्या दिवशी आपलीच टवाळी अंगावर घालून हिंडणारे पाहुणे त्यांनाही नको असतात.

पाणी ओसरतं. पहाट आहे, दातिवरे आहे, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं आहे. बंदरावर बायका मासळी निवडत आहेत. बोंबील एकीकडे, करंदी एकीकडे, जवळा वेगळा. त्यांच्या अंगावर गाऊन आहे, ओढणी आहे, एकीच्या कानाला मोबाइल. ती विरारच्या गिऱ्हाइकाशी भावाचं बोलते आहे, आणि तिचा आवाज अगदी खालचा आहे.

घरी परतताना सफाळ्याला तुम्हाला ती पुन्हा दिसते. 2013 पासून डहाणूपर्यंत धावणाऱ्या लोकलच्या मालडब्यात ती पाट्या चढवते. शेजारच्या डब्याच्या दारातले काका नाकाला रुमाल लावतात. ते कालचे नाखवा आहेत. रात्री ज्या गाण्यांवर त्यांनी ताल धरला, त्यांतली होडी याच पाटीत रिकामी होते, पण हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगायला तोंड उघडता. गाडी सुटते.

दुकानदार लुगडं झटकतो, वाळू पडते. तो टोपली तपासतो, मासे मोजतो, दोन्ही आहेत. भिजवल्याचे शंभर रुपये कापतो. मग वही उघडून पेनानं टिक करतो: ‘कोळीण, मोठी, 1 नग, परत’. त्याखालच्या ओळीत एका शाळेचं स्नेहसंमेलन आहे: ‘आदिवासी, लहान, 12 नग’.

तुम्ही विचारता, “हे आदिवासी म्हणजे कोण?”

तो वहीतून मान वर करतो.

“म्हणजे?”

तुम्ही काउंटरवर पाकीट ठेवता आणि त्याला तलवाड्यापासून सांगायला सुरुवात करता.