मोड, मोडी आणि लिलाव : नगरच्या जुन्या बाजाराचा धांडोळा

'जुना बाजार' हा शब्दप्रयोग व्याकरणदृष्ट्या सरळ दिसतो. अर्थदृष्ट्या तो तितका सरळ नाही. 'जुना' हे विशेषण 'बाजार' या नामाचे लिंग आणि वचन घेते. म्हणजे व्याकरणाच्या साक्षीने जुना आहे तो बाजार. नगर शहरात 'जुना बाजार' आणि 'नवी पेठ' ही वस्त्यांची नावे शेजारी ठेवली असता हाच अर्थ लागतो. पुण्यास बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या 'जुन्या बाजारा'त मात्र जुना असतो तो माल. विशेषण एकास लागले आणि अर्थ दुसऱ्यास चिकटला, असा हा प्रकार आहे. 'चोरबाजार' या शब्दाबाबत समासविग्रहाची जी अडचण येते, ती याच जातीची होय.

अहिल्यानगर जिल्ह्यात (हे नाव २०२४ साली अधिकृत झाले, तत्पूर्वी अहमदनगर) वापरलेल्या वस्तूंचा व्यवहार एका ठरावीक बाजारापुरता कधीच मर्यादित नव्हता. तो आठवड्याच्या बाजारात होता, जत्रेच्या पालांत होता, कासार-तांबटांच्या दुकानांत होता आणि बोहारणीच्या टोपलीतून घरोघर फिरत होता. या सर्व व्यवहारांस एक समान सूत्र आहे. जुन्या वस्तूस तेथे दोन किमती असतात. एक वस्तूची, दुसरी ती ज्या द्रव्याची घडली त्या द्रव्याची. या दोन किमतींतील अंतर कोणी ओळखले आणि कोणी ओळखले नाही, यावर जिल्ह्याच्या इतिहासाची पुष्कळशी साधने राहिली अथवा गेली.

प्रथम हंगामाचा विचार केला पाहिजे, कारण हा व्यवहार प्रामुख्याने उन्हाळ्यातला. जिल्ह्याचा मोठा भाग रब्बीच्या ज्वारीवर जगणारा. माघ-फाल्गुनात ज्वारी निघते, खळी होतात, धान्य घरात येते. पाडव्यास सालगड्याचे वर्ष संपून नवे सुरू होते व हिशेब पुरे होतात. तेथून रोहिणी-मृगापर्यंत शेतकऱ्यास काम थोडे आणि हाती थोडाफार पैसा. लग्ने याच काळातली, गावोगावच्या यात्राही याच काळातल्या. निजामशाही सुलतानांनी नगरचा उन्हाळा सुसह्य करण्यासाठी खापरी नळांनी पाणी आणून बागा फुलविल्या. फराहबागेचा महाल १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला. रयतेच्या वाट्यास आलेला उन्हाळ्याचा आनंद म्हणजे जत्रा.

या जत्रांचे आरंभस्थान फाल्गुनातील मढी येथे मानावयास हरकत नाही. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी असून रंगपंचमीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. भटक्या जमातींचे हे मोठे मेळाव्याचे ठिकाण असल्यामुळे त्यास भटक्यांची पंढरी म्हणतात. येथील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. काठेवाडी जनावरेही तेथे विक्रीस येतात. गाढवाचे मोल त्याच्या दातांवरून ठरते, आणि त्यासाठी 'कोरा', 'दोनदाती', 'चारदाती', 'अखंड' अशी परिभाषा रूढ आहे. वापरलेल्या मालाची इतकी नेटकी प्रतवारी शहरातल्या दुकानदारांसही साधलेली नाही! बैलबाजारात, उदाहरणार्थ श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीच्या प्रसिद्ध बाजारात, व्यवहार याहून गूढ रीतीने होत असे. हेडी आणि दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत; पाहणाऱ्यास केवळ चेहरे दिसत.

जत्रा म्हणजे देवकार्य खरे, पण तिला दुकानांवाचून रूप येत नाही, ही गोष्ट शिर्डीच्या उरुसाच्या जन्मकथेवरून स्पष्ट होते. 'श्रीसाईसच्चरिता'तील वृत्तांताप्रमाणे कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांनी १८९७ साली रामनवमीच्या दिवशी उरूस भरविण्याचे ठरविले. गावच्या कुलकर्ण्याच्या प्रतिकूल अहवालामुळे परवानगी प्रथम नाकारली गेली व पुढे मिळाली. निशाण पुरविण्यास गुंडांनी नगरचे दामूअण्णा कासार यांस विनविले. दुकाने लागली, कुस्त्यांचे फड झाले. आरंभी पाचसात हजार असलेला समुदाय कालांतराने पाऊण लाखापर्यंत गेला. या उत्सवाच्या आरंभीच्या साहाय्यकांत एक कासार आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण जत्रा, लग्नसराई आणि भांड्यांची खरेदी यांचा हंगाम एकच. आणि जिथे नवे भांडे घेतले जाते तिथेच जुने दिले जाते.

येथे 'मोड' या शब्दापाशी थांबणे आवश्यक आहे. 'मोडणे' हे क्रियापद प्राकृतातील 'मोडइ' वरून आलेले. त्याचे मूळ अर्थ दोन, तुटणे आणि वाकविणे. पहिल्या अर्थावरून नाणे मोडणे, लग्न मोडणे, आणि भांड्यांची वा दागिन्यांची 'मोड'. व्यवहाराची रीत अशी. गिऱ्हाइकाने आणलेला जुना हंडा दुकानदार तोलतो. त्यावरील कल्हई, डाग, माती यांबद्दल 'घट' धरतो. उरलेल्या वजनास मोडीचा दर लावतो, आणि तो नव्या भांड्याच्या दरापेक्षा कमी असतो. नवे भांडे देताना धातूच्या किमतीवर घडणावळ वेगळी घेतो. म्हणजे जुन्या हंड्यास कधीकाळी दिलेली घडणावळ मोडीच्या क्षणी शून्य होते. कारागिराचे हात, भांड्याचा घाट, त्यावर कोरलेले नाव, यांतील कशालाच तराजूत वजन नाही. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार माणसे व संस्था यांनाही लागू झाला, तो याच तराजूवरून.

कापडाची गत निराळी. 'जुनेर' हा शब्द 'जीर्ण' या संस्कृत शब्दाच्या कुळातला. जुन्या लुगड्याचे जुनेर होते आणि जुनेराची गोधडी होते. बोहारीण ते घेऊन बदल्यात भांडे देते. तेथेही वस्तू आपले पहिले रूप गमावते, पण वितळत नाही. गोधडीत जुन्या लुगड्याचा काठ ओळखता येतो.

उन्हाळ्याच्या या बाजारास आनंदाची बाजू आहे तशी दुसरीही आहे, आणि नगरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याचा इतिहास लिहिताना ती गाळता येत नाही. ज्या वर्षी ज्वारी पिकत नाही त्या वर्षी तोच शेतकरी तीच भांडी घेऊन त्याच दुकानात जातो. मात्र नवे घेत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमधून आलेली दागिन्यांची चांदी मुंबईच्या टांकसाळीत मोठ्या प्रमाणात जमा झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी, आणि पुढे १९७२ च्या दुष्काळाने, हा क्रम पुन्हा चालविला. एकोणिसाव्या शतकापर्यंत खेड्यांतून चालणाऱ्या शिवराईसारख्या तांब्याच्या नाण्यांनाही चलनातून उठल्यावर तांब्याचाच भाव उरला. दुष्काळाच्या वर्षी मोडीचा दर उतरतो, हे वेगळे सांगावयास नको. विकणारे सर्व आणि घेणारे थोडे.

मोडीचा व्यवहार दोघांत होतो. अनेकांसमक्ष होतो तो लिलाव. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज 'लेइलांव' वरून मराठीत आला, आणि पोर्तुगीजांनी तो अरबीतून उचलला असे मानले जाते. मराठवाडा-विदर्भाकडील 'हर्रास' हा त्याचा प्रतिस्पर्धी फारसी-अरबी वाटेने आला. इंग्रजी अमदानीत छावण्यांतून बदली होऊन जाणारे अधिकारी आपले सामान लिलावाने विकीत, आणि भिंगारच्या छावणीजवळ राहणाऱ्या नगरकरांस हा शब्द परका राहिला नसणार. परंतु नगरच्या वस्तूचा सर्वांत विलक्षण लिलाव झाला तो नगरात नव्हे, विजापुरात.

१५४९ साली बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत मुहम्मद बिन हसन रूमी याने नगरात एक प्रचंड पंचधातूची तोफ ओतली. तिचे नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणभूमीचा स्वामी. मराठीत तिला 'मुलूखमैदान' म्हणतात. अपरिचित 'मलिक' च्या जागी परिचित 'मुलूख' येऊन बसला. लोकव्युत्पत्तीचे याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल, आणि तोफेच्या आकारामुळे चुकीचे नावही तिला शोभून दिसते. ही तोफ नगराहून परांड्यास गेली आणि १६३२ च्या सुमारास विजापुरास नेण्यात आली. १८५४ साली साताऱ्याच्या कमिशनराच्या हुकमावरून विजापुरातील जुन्या निरुपयोगी तोफा व सामान विकण्याचे ठरले. सुमारे ५५ टन वजनाची मुलूखमैदान लिलावात उभी करण्यात आली, आणि सर्वांत मोठी बोली आली ती १५० रुपयांची. इतक्या टनांची धातू फोडून वाहून न्यायची कशी, हा प्रश्न बोली करणाऱ्यांपुढे असावा. लिलाव करणाऱ्या मामलेदारास ही किंमत अगदीच क्षुल्लक वाटली. लोकांच्या मनात तोफेविषयी असलेली भावनाही त्याच्या कानी आली होती. त्याने विक्री कायम न करता वर कळविले, आणि ती रद्द झाली. तोफ आजही विजापुरात बुरुजावर आहे. येथे निर्णय कोणा विद्वानाने दिला नाही. दीडशे रुपयांचा आकडा आणि समोरची वस्तू यांचा मेळ बसत नाही, एवढेच एका मामलेदाराने ओळखले.

जमिनीतून निघणाऱ्या वस्तूंचे भवितव्यही याच तराजूवर ठरते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले, आणि त्या गावाचे नाव एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस मिळाले. श्रीरामपूर तालुक्यातील प्रवराकाठच्या दायमाबादचा प्रसंग याहून अधिक बोलका आहे. तेथे १९५८ पासून संशोधकांचे येणेजाणे होते. परंतु १९७४ साली मिळालेला प्रसिद्ध ठेवा कोणत्याही उत्खननाच्या खड्ड्यात मिळाला नाही. भिल्ल समाजातील एक शेतकरी झाडाचे मूळ खणीत असता त्यास चार ओतीव वस्तू लागल्या: बैलजोडीचा रथ व त्यात उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव, एकत्रित वजन साठ किलोहून अधिक.

साठ किलो धातू म्हणजे मोडीच्या बाजारात गरीब कुटुंबाची मोठी बेगमी. त्या वस्तू भट्टीत गेल्या नाहीत, संग्रहालयात गेल्या. तरीही नुकसान झालेच, आणि ते निराळ्या प्रकारचे होते. उत्खननात वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली हे नोंदले जाते. या चार वस्तूंना तसा शेजार उरला नाही. म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि एस. ए. साळी यांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून त्या उत्तर हडप्पा काळातील ठरविल्या. डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाचा आधार घेतला. या वस्तूंत एक टक्क्याहून अधिक सोमल आहे, आणि ताम्रपाषाणयुगीन अन्य वस्तूंत सोमलाचे असे मिश्रण आढळत नाही; म्हणून त्या ऐतिहासिक काळातील असाव्यात, असे त्यांचे मत. १९७५ ते १९७९ या काळात साळी यांनी दायमाबाद येथे विस्तृत उत्खनन केले, तरी हा वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही. द्रव्य वाचले, घडण वाचली, जागेची साक्ष मात्र गेली.

कागदाच्या बाबतीत क्रम उलटा दिसतो. 'मोडणे' चा दुसरा अर्थ, वाकविणे, 'मोडी' या लिपिनामात आहे. बाळबोध अक्षरे वळवून लिहावयाची म्हणून मोडी, ही उपपत्ती सामान्यतः मान्य आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि एका पिढीत घरोघरचे रुमाल वाचणारा माणूस घरात उरला नाही. कागद तोच, शाई तीच, पण वाचक गेल्याबरोबर दस्तऐवजाची रद्दी झाली. ज्यांची लिपी मोडी, ते कागद मोडीत निघाले. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तेव्हा निदान वाचणारे होते. नगरात १९६० साली स्थापन झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाने हजारो मोडी कागद जमविले, ते वाचणारे विरळ होत असताना. त्या कार्याचे मोल म्हणूनच अधिक मानले पाहिजे.

भांड्यांवरील अक्षरांचा संग्रह मात्र अद्याप व्हावयाचा आहे. लग्नात दिलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यावर ठोक्यांनी नाव घालण्याची रीत जिल्हाभर होती. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नाते, गाव, तिथी अथवा तारीख, एवढा मजकूर एका हंड्याच्या गळ्याभोवती मावतो. 'यांजकडून', 'यांचेकडून', 'यांच्याकडून' ही रूपे अशा लेखांत भेटतात. तारखेसह मिळाल्यास सामान्य जनांच्या लेखी मराठीतील बदल वर्षवार मांडता येईल. हे लेख ग्रंथकारांचे नाहीत, कारकुनांचेही नाहीत. नाव घालणाऱ्या कारागिराने गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून उमटविलेले आहेत, आणि म्हणून त्यांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुकासुद्धा उच्चाराचा पुरावा ठरतात. १९६० नंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली आणि पितळेची भांडी मोठ्या प्रमाणावर मोडीत गेली. जी राहिली ती माळ्यांवर व देवघरांत आहेत.

अशा नोंदणीचा आरंभ शेवगाव, पाथर्डी आणि जामखेड या तालुक्यांपासून करणे सोयीचे होईल. जुन्या निजामी मुलखास लागून असलेल्या या पट्ट्यात सोयरिकी दोन्ही अंगांस होत. त्यामुळे एकाच घरातील भांड्यांवर दोन बाजूंच्या बोली आणि कालगणनेच्या दोन रीती भेटण्याचा संभव आहे. काम उन्हाळ्यात करावे. लग्नसराईत भांडी माळ्यावरून खाली येतात, आणि मोडीच्या दुकानातही त्याच महिन्यांत जातात.